एआर-४एक्स: तंबोऱ्याचा खर्ज ऐकवणारी जुनी, छोटी जोडी

कुठलाही स्पीकर तपासताना मी आधी तंबोरा लावते. गाणं नाही, तबला नाही, पाच मिनिटं नुसता तंबोरा. ही सवय मिरजेची. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चार मिनिटांवर होतं. शाळेतून येताना मी दुकानाच्या पायरीशी उभी राहून जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला मिळणारा झंकार, काढताना बघायची. कारागीर घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, मान तिरपी करून ऐकायचा, पुन्हा कानस हातात घ्यायचा. शेवटी तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर मागे-पुढे सरकवायचा, आणि एका जागी तार एकदम उघडायची. आधी नुसता 'टंग' असलेला आवाज पंख्यासारखा पसरायचा. स्पीकरवर ती तार तशी उघडली पाहिजे, एवढंच माझं मागणं असतं. फार थोड्या स्पीकरांनी ते पुरं केलं आहे.

बॉस्टनजवळ वॉल्थममध्ये राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात चार जोड्या झाल्या. एक उंच, सडपातळ जोडी टाळेबंदीत नवीकोरी, बऱ्यापैकी महाग घेतली होती. तिच्यावर झांजा चकचकीत वाजत, पण तंबोरा मात्र पत्र्याच्या डब्यात बसवल्यासारखा. त्यानंतरचा भिंतीवरचा लांबट साउंडबार घरच्यांना सिनेमासाठी आवडतो, तो त्यांनी खुशाल वापरावा. मी गेल्या मे महिन्यात ऐंशी डॉलरला घेतलेल्या, अकूस्टिक रिसर्च म्हणजे एआर कंपनीच्या एआर-४एक्स या जोडीबद्दल लिहिते आहे. वर्षभर रोज ऐकते आहे, आणि इतक्या गुणी स्पीकरांविषयी आपल्या लोकांत कुणी बोलत नाही हे मला खटकतं.

एमआयटीच्या आवारात एप्रिल ते ऑक्टोबर दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचा बाजार भरतो. स्वॉपफेस्ट म्हणतात त्याला. ऑल्बनी स्ट्रीटवरच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून माल मांडलेला असतो: हॅम रेडिओ, ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्ह, तारांची भेंडोळी. एका पन्नाशीच्या गृहस्थांच्या गाडीमागे, मोजमापाच्या यंत्रांखाली, अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पेट्या आडव्या ठेवल्या होत्या. पुढचं तागाच्या रंगाचं कापड मळलेलं, पण कुठे फाटलेलं नव्हतं. मी पेटी उलटी करून मागचं लेबल वाचलं: अकूस्टिक रिसर्च, २४ थॉर्नडाइक स्ट्रीट, केंब्रिज. म्हणजे ही पेटी जिथे बनली ती जागा, मी उभी होते तिथून चालत अर्ध्या तासावर. वरच्या स्वरांचा आवाज कमी-जास्त करायच्या मागच्या बटणाभोवती कुणीतरी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. ते गृहस्थ म्हणाले, "ती रेघ माझ्या वडिलांची, हे स्पीकर त्यांनी कॉलेजात असताना घेतले होते." किमतीची घासाघीस मला करवली नाही.

पेट्या गाडीत ठेवल्या आणि केंडल स्क्वेअर ओलांडून मी थॉर्नडाइक स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्या रस्त्यावर थोडा वेळ उभी राहिले, मग परत आले. मिरजेत तंबोरा जिथे घडतो त्या गल्लीतूनच तो घेऊन जायची सोय असते. अमेरिकेत ते समाधान मला पहिल्यांदाच मिळालं.

आता या कंपनीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हे स्पीकर इतके छोटे का आणि तरीही इतके खोल का वाजतात ते कळणार नाही. १९५४ पर्यंत चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. न्यूयॉर्क विद्यापीठात रात्रीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एडगर व्हिल्चर यांनी उलटा विचार केला. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, कागदी शंकू जागेवर परत आणण्याचं काम तोवर त्याच्या कडेचा ताठ घडीचा कागद करायचा, आणि जोरात हलवलं की ती कड सारखा ताण देत नसे, आवाज बिघडायचा. व्हिल्चर यांनी कड अगदी सैल केली, पेटी पूर्ण हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. हवेची स्प्रिंग कुठल्याही कागदापेक्षा एकसारखी वागते. त्यातच दुसरा लाभ असा की ही युक्ती चालायला पेटी लहानच असावी लागते. पहिल्या नमुन्याची सैल कड त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या कापडातून बेतून दिली होती. त्यांच्या वर्गातला विद्यार्थी हेन्री क्लॉस याची केंब्रिजमध्ये माउंट ऑबर्न स्ट्रीटवर माळ्यावरची जागा होती, कंपनी तिथे सुरू झाली. क्लॉस १९५७ साली बाहेर पडला आणि त्याने केएलएच ही स्वतःची स्पीकर कंपनी काढली. व्हिल्चर यांनी १९६७ साली एआर टेलिडाइन या कंपनीला विकली आणि उरलेलं आयुष्य श्रवणयंत्रांच्या संशोधनाला दिलं. आज कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं मंद्र आणि तार आवाज वेगवेगळे दाबून कानाला सोसतील असे करतात, त्यामागे त्यांचं काम आहे, आणि त्याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. माझ्या आईच्या कानात तसं यंत्र आहे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

एआरचे मोठे स्पीकर सगळ्यांना माहीत आहेत. एआर-३ घेऊन कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवाद्यवादकांच्या गटाच्या जाहीर मैफली केल्या. वादक वाजवता वाजवता थांबायचे, पुढचा तुकडा ध्वनिमुद्रणातून स्पीकर वाजवायचे, आणि बदल कधी झाला ते श्रोत्यांच्या ध्यानात यायचं नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांची ऐकण्याची खोली होती, तिथे विक्री करतच नसत, बसा आणि ऐका. त्यानंतरचा एआर-३ए आज दुरुस्त केलेल्या स्थितीत हजार डॉलरच्या पुढे जातो. १९६५ सालचा ४एक्स मात्र अक्रोडाच्या लाकडात नगाला ५७ डॉलरला विकायचे, म्हणजे ३एच्या पाव किमतीलाही नाही. विद्यार्थ्यांचा स्पीकर म्हणून त्याच्यावर जो शिक्का बसला तो अजून पुसलेला नाही. जुन्या मालाच्या बाजारात मला दिसलेल्या चालू जोड्या शंभर ते अडीचशे डॉलरच्या दरम्यान होत्या. माझ्या मते ही किंमत त्याच्या गुणांच्या मानाने फारच कमी आहे, आणि आपल्या संगीतासाठी, आपल्या घरांतल्या खोल्यांसाठी, मी ३एपेक्षा ४एक्सच निवडीन. ३ए चार ओहमचा आहे, म्हणजे विजेला त्याचा अडथळा कमी, म्हणून त्याला दणकट अ‍ॅम्प्लिफायर लागतो. ४एक्स आठ ओहमचा असल्याने साध्या, प्रामाणिक अ‍ॅम्प्लिफायरवर खुशीत चालतो.

माप सांगते. उंची साधारण ४८ सेंटिमीटर, रुंदी २५, खोली २३, वजन एका पेटीचं साडेआठ किलोच्या आसपास. आत आठ इंची वूफर आणि अडीच इंची कागदी ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा भाग. दोघांची वाटणी १२०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १२०० कंपनांवर होते: खालचं वूफरकडे, वरचं ट्वीटरकडे. त्या काळच्या मानाने ही बुकशेल्फ पेटी, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर बसणारी. माझ्याकडे ती खरोखरच फळीवर आहे, पाठ भिंतीपासून चार बोटं पुढे.

पहिल्या दिवशी लावले तेव्हा डावा स्पीकर नुसता गुरगुरत होता, ट्वीटर गप्प. हा आजार या मॉडेलचा नेहमीचा, त्याला घाबरून जोडी सोडू नका. ट्वीटर कमी-जास्त करणारं मागचं बटण आतून गंजतं. पितळेवर हिरवा थर चढतो आणि वीज पुढे जातच नाही. बटण फिरवलं की खरखर येते, एखाद्या जागी ट्वीटर क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपतो. तसं झालं तर ट्वीटर जिवंत आहे समजा.

पेटी उघडायचं काम दोन शनिवारांचं झालं. पुढची कापडाची चौकट घट्ट चिकटलेली होती, भिंतीला लांबी लावायच्या पातळ पट्टीने चारही कडांनी थोडी थोडी सैल करत काढली. घाई केली असती तर लाकडाचा कपचा उडाला असता. वूफरखाली काळपट, चिकट लांबी असते, पेटी हवाबंद ठेवायला. ती फेकू नका, साठ वर्षांनंतरही मऊ असते, पुन्हा थापून लावता येते. आत दाबून भरलेलं काचेच्या लोकरीसारखं भरण निघतं. हातमोजे आणि मास्क घालूनच हात घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं. मी भरण घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं आणि तेवढंच परत भरलं, कारण ते कमी-जास्त झालं तर आतल्या हवेची स्प्रिंग बदलते आणि खर्जाचा पोत बिघडतो.

बटण सुटं करून मी त्याचे भाग व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले, मग बारीक पॉलिश पेपरने घासले. सकाळी पितळ चमकताना पाहून मला मिरजेतली घासलेली समई आठवली. ट्वीटरकडे फक्त वरचे स्वर जाऊ देणारे, दोन्ही बाजूंचे २० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलले. जुने कपॅसिटर एवढ्या वर्षांत आपल्या मापावर राहतीलच असं नाही, आणि नवे स्वस्त असतात. मी धातूच्या फिल्मचे घेतले. डागकाम मला येतं, प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं मी अशीच चालती ठेवते. ज्यांना येत नाही त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या माहीतगाराकडे द्यावं, तासाभराचं काम आहे. वूफरच्या कडेला मात्र मी हात लावला नाही. ती कापडाची आहे, फोमची नाही. सत्तरच्या दशकातल्या स्पीकरांची फोमची कड हाताला लागली की चुरा होऊन पडते. ४एक्सची कापडी कड तशी कुजत नाही. तपास सोपा आहे: बोटांनी शंकू हळूच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश, जणू श्वास सोडत, परत यायला हवा. झटकन आला तर कुठूनतरी हवा सुटते आहे. माझे दोन्ही वूफर सावकाश परत आले. गळती असेल तर कडेवर लावायचं लेपण मिळतं.

सगळं मिळून खर्च ऐंशी अधिक चाळीसच्या आत.

आणि मग तंबोरा. माझ्याकडे मिरजेत घरीच केलेलं एक मुद्रण आहे, भावाने मायक्रोफोन भोपळ्यापासून हातभर दूर ठेवून केलेलं. पुरुषी तंबोरा, काळी एक. जोडीच्या तारा १३८ हर्ट्झला, खर्जाची तार ६९ला. छोटे स्पीकर इथेच फसतात. ६९ हर्ट्झ त्यांच्याकडून येतच नाही, कान वरच्या स्वरांवरून खर्ज गृहीत धरतो. ४एक्सवर तो खरोखर येतो. खर्जाची तार छेडली की फळीवरचा हात थरथर जाणवतो, आणि पुढचा पंचम येईपर्यंत तो स्वर हवेत तरंगत, बारीक होत जातो, तुटत नाही. आधीच्या जोडीच्या पेटीला हवेसाठी भोक होतं. तिच्यावर खर्ज भरघोस यायचा, पण सुटताना मागे रेंगाळायचा, एका तारेचं शेपूट दुसऱ्या तारेत मिसळायचं. हवाबंद पेटीत तसं होत नाही, चारही तारा आपापल्या जागी.

मग जवारी. ती सगळी हजार ते चार-पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात चमकते, आणि ४एक्समध्ये हा पट्टा जवळजवळ पूर्ण त्या एका छोट्या कागदी ट्वीटरकडे आहे. धातूच्या घुमटाचा ट्वीटर जवारीला काचेसारखी धार देतो, ती मला नको. इथे जवारी लाकडाला लागून आल्यासारखी येते. सूत योग्य जागी आहे की नाही ते ओळखू येतं. भावाचं मुद्रण ऐकून मी त्याला फोनवर म्हटलं, "दादा, तुझ्या दुसऱ्या जोडीच्या तारेचं सूत थोडं पुढे गेलंय." त्याने बघितलं, गेलं होतं.

गाण्यात सांगायचं तर किशोरीताईंचा आवाज. ताई मींड घेत एका स्वराकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हा मधली सगळी वाट ऐकू यायला हवी. वूफर आणि ट्वीटर आवाजाचा पट्टा आपसांत वाटून घेतात, म्हणून त्या वाटेत कुठेतरी सांधा जाणवू शकतो. ४एक्सवर सांधा अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. तार सप्तकात जोरात आवाज लागला की एखाद्या वेळी आवाजाचा रंग किंचित बदलतो. पण मध्य सप्तकात, जिथे गाणं राहतं, तिथे आवाज माणसाचाच आहे, छातीतून आलेला. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेचे, त्यांच्या जुन्या ७८च्या तबकड्यांत ना खर्ज आहे ना वरची चमक, तरी या स्पीकरांमधून त्यांचा आवाज दोन पेट्यांच्या मधोमध येऊन उभा राहतो आणि तबकडीची खरखर बाजूला पडते. भीमसेनजींच्या मैफलीत मागे बसलेल्या शिष्यांचे तंबोरे वेगळे दिसतात. डग्ग्यावरचा घिस्सा, म्हणजे मनगट शाईकडे सरकतं तसा आवाज वाकतो तो, मी इतका गोल दुसऱ्या कुठल्या छोट्या स्पीकरवर ऐकलेला नाही. तबल्याची चाट मात्र थोडी मऊ येते. ज्यांना चाटीची टोकदार टिच हवी त्यांना हे आवडणार नाही.

उणं सांगायलाच हवं. वरच्या टोकाची हवा, झांजांची शेवटची लकेर, पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांचा झगमगाट इथे कमी आहे. ट्वीटर कागदी आहे आणि थेट समोर बसल्यावरच पूर्ण ऐकू येतो, बाजूच्या खुर्चीवरून आवाज मावळतो. म्हणून पेट्या थोड्या आत वळवून ठेवा आणि ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. या पेट्या जोर खातात. हवेच्या स्प्रिंगची ती किंमत आहे, तेवढ्याच वॅटला त्या इतर स्पीकरांपेक्षा हळू वाजतात. पाच-सात वॅटचे नवे चिमुकले अ‍ॅम्प्लिफायर जोडू नका. माझ्याकडे १९७८च्या मॉडेलचा नॅड ३०२० आहे, कागदावर चॅनेलला वीसच वॅट, पण दमदार. दहा बाय बाराच्या खोलीत, दोन मीटरवर बसून, तो पुरून उरतो. मोठ्या दिवाणखान्यात पंचवीस माणसांसमोर गणपतीची आरती दणक्यात लावायची असेल तर हे स्पीकर त्यासाठी नाहीत.

घ्यायला जाताना चार गोष्टी बघा: दोन्ही शंकू सावकाश परत येतात का, ट्वीटर बटण फिरवल्यावर कुठल्यातरी जागी बोलतो का, वूफर दोन्हीकडे मूळचेच आहेत का, आणि मागची लेबलं शाबूत आहेत का. कापड मळकं असलं तर हरकत नाही. लाकडावर पाण्याचे डाग असले तरी जवसाचं तेल लावून ते बरेच बसतात, मी बसवले. एकच पेटी कुणी विकत असेल तर घेऊन ठेवा, सुट्या भागांसाठी कामाला येते. भारतात मागवायचा विचार असेल तर वजन आणि जकात मिळून खर्च जोडीच्या किमतीपलीकडे जातो, म्हणून इथून परतताना कुणी सामानात आणणार असेल तरच. माझी एक मैत्रीण पुण्याला कायमची परत जाते आहे, तिच्यासाठी दुसरी जोडी शोधून ठेवली आहे. ती कंटेनरमधून जाईल, शंकूंवर पुठ्ठा लावून.

ट्वीटरचं बटण कुठे ठेवायचं याची मी महिनाभर खटपट केली. रोज सकाळी डबा भरून झाला की पाच मिनिटं तंबोरा, बटण केसभर इकडे, केसभर तिकडे, मिरजेच्या दुकानात सूत सरकवायचे तसंच. आता उजव्या पेटीवर माझीही पेन्सिलीची रेघ आहे. त्या विद्यार्थ्याने ओढलेल्या रेघेपासून ती एका दोऱ्याच्या जाडीएवढी अलीकडे आली.